‘डबा जागेवर नाही’ असं लिहिणारी मी

काका, त्या रविवारी घाटाखालच्या चहाच्या टपरीवर तुम्ही सकाळी आठपासून बारापर्यंत ज्याची वाट पाहत बसलात, तो कुणी मुलगा नव्हता. ती मी होते. आणि मी येणार नाही, हे मला शनिवारीच माहीत होतं.

हे तुम्हाला सांगायला त्यानंतर माझ्याकडे अठरा दिवस होते. त्या अठरा दिवसांत मी तुमच्या घरी पाच वेळा आले. पाचही वेळा चहा प्यायले, एकदा काकींच्या हातचं सुक्या बोंबलांचं कालवण मागून घेतलं. बोलले मात्र नाही. आज तुम्हाला जाऊन बावीस दिवस झाले आणि मी हे छापायला देते आहे. गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द लिहायचे असतात, असं सगळे म्हणतात. तुमच्याबद्दल चांगलं लिहायला मला कष्ट पडणार नाहीत. पण त्या चांगल्याच्या मागे मी स्वतः लपून राहीन, याची भीती वाटते. म्हणून आधी हे.

आपली ओळख भांडणातूनच झाली. पनवेलच्या एसटी स्टँडवर मी पत्रकं वाटत होते. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं थोडी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. बाबा लिहायचे, आई घड्या घालायची, मी वाटायला जायचे. मी वाचलेलं पहिलं जोडाक्षर ‘धिक्कार’मधलं. त्यामुळे घाटातल्या जुन्या रेल्वेपुलावर काही लिहावं असं मनात आलं, तेव्हा हातून पत्रकच उतरलं. मथळा होता, ‘या पुलाखाली कोण गाडलं आहे?’ रूळ दुसरीकडून गेल्यावर सोडून दिलेला बारा कमानींचा दगडी पूल, तो बांधताना मेलेले हजारो मजूर, त्यांच्या नावाची साधी पाटी नाही, आणि त्याच पुलावर रील काढायला जमणारी निर्लज्ज गर्दी. शेवटी तीन उद्गारचिन्हं.

लोक पत्रक घेतात आणि चार पावलांवर टाकून देतात. तुम्ही खोपोलीच्या गाडीच्या रांगेत उभ्या उभ्या सगळं वाचलंत. मागची कोरी बाजूसुद्धा उलटून बघितलीत. मग रांग सोडून माझ्याकडे आलात.

“बाय, या बारा कमानी तू मोजल्यास?”

“लोक सांगतात, काका.”

“लोक सांगतान तो जाऊ दे. तू मोजल्यास का?”

“किती कमानी हा मुद्दाच नाही. मुद्दा मजुरांचा आहे.”

“आठ हायेत,” तुम्ही म्हणालात. “वरच्या चार तू बांधल्यास. तुजा पन नाव लावू या पाटीवर.”

बाजूचे दोन रिक्षावाले फिदीफिदी हसले. मला इतका राग आला की उरलेला गठ्ठा मी पिशवीत कोंबला. तुम्ही हसत नव्हतात. “गेलीयस का कदी तिकडं?” मी पिशवीचा बंद आवळला. “मंग येत्या रविवारी चल. मोजू.” मी न पाहिलेल्या पुलाबद्दल लिहिलं होतं, हे तुम्ही रांगेत उभ्या उभ्या ओळखलं होतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा लाज वाटायला हवी होती. मला फक्त राग आला.

तरी मी आले. तुम्ही रेल्वेत चावीवाला होतात, हे मला त्या रविवारी एसटीत कळलं. चावीवाला म्हणजे हातोडा आणि पाना घेऊन रोज आपला ठरलेला टप्पा चालणारा, रूळ धरून ठेवणाऱ्या सैल झालेल्या चाव्या ठोकून बसवणारा माणूस. तीस वर्षं तुम्ही चाललात. म्हणून असेल, पूल दिसल्यावर तुम्ही मान वर करून कमानी बघितल्या नाहीत. वाकून खांबाच्या बुडाशी गेलात, दगडांच्या सांध्यात बोट घातलंत, एका फटीतून आलेलं पिंपळाचं रोपटं उपटून टाकलंत. मग दगडावर बोटाच्या पेराने टकटक केली आणि कान लावलात. मला हसू आलं. “आवाज आयक,” तुम्ही म्हणालात, “हा भरीव हाय. ह्यो बाजूचा बघ, पोकल.” मला दोन्ही सारखेच वाटले. कमानी आठच निघाल्या.

तिथंच तुम्ही फोन काढून दाखवलात तो खेळ. जिओकॅशिंग. हा शब्द तुमच्या तोंडी इतका अनोळखी वाटला की मी पुन्हा विचारला. कुणीतरी एक डबा लपवायचा, त्याच्या जागेचे अक्षांश-रेखांश ॲपवर टाकायचे. शोधणाऱ्याला फोन दहा पावलांपर्यंत आणून सोडतो, पुढे डोळे आणि हात. डब्यात एक छोटी वही असते. सापडला की वहीत नाव आणि तारीख घालायची, डबा होता तसाच ठेवायचा, कुणाच्या नजरेत येऊ द्यायचा नाही, आणि घरी जाऊन ॲपवर लिहायचं, सापडला. नाही सापडला तर तेही लिहायचं. डब्याचा एक सांभाळणारा असतो. या पुलावरचा डबा खारघरच्या कॉलेजातल्या एका बाईंनी लपवला होता. त्यांना खांबाच्या फटीत हात घालताना तुम्ही पकडलं होतंत. “काय चोरताव?” म्हणून दरडावलंत आणि तासाभराने त्यांच्याच फोनवर दुसरा डबा शोधत होतात. त्यांची बदली बेंगळुरूला झाली तेव्हा त्यांनी हा डबा तुमच्या नावावर केला.

“शोध आता,” तुम्ही मला म्हणालात.

“मला असल्या खेळांत रस नाही.”

“घाबरलीस.”

“घाबरायचं काय त्यात? फुरसत असलेल्या लोकांचे चोचले आहेत हे.”

“मना तर लय फुरसत हाय,” तुम्ही म्हणालात आणि सावलीत बसून शेंगा सोलायला लागलात.

पुढे मी शोधायला शिकले, ते तुमच्यामुळे. खांदा कॉलनीतल्या बागेच्या कठड्यामागची गोळ्यांच्या डबीएवढी डबी मला पाऊण तासाने सापडली आणि मी लहान मुलीसारखी ओरडले. तुम्ही तोंडावर बोट ठेवून मला गप्प केलंत. खारघरच्या टेकडीवर एका दगडाखालची वही भिजून लगदा झाली होती. ती तुमची नव्हती, तरी तुम्ही ती उन्हात पान पान वाळवलीत आणि पिशवीतून नवी कोरी वही काढून तिच्याबरोबर ठेवलीत. मी ज्या पनवेलमध्ये जन्मले तिथल्या भिंती, कठडे, पुलांचे खांब यांच्याकडे मी तोवर फक्त पत्रक चिकटवायची जागा म्हणून बघत होते. पुलावरचा डबा मात्र मी शोधला नाही. तो मला नको, असं एकदा म्हणून बसले होते. म्हणून बसले की मी मागे फिरत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्ही मला चिडवायचात. “पुलाचा कवा?” “तुम्ही पाटीच्या अर्जावर सही कराल तेव्हा.”

तो आपला खरा वाद. तो संपलाच नाही. मी म्हणायचे, तो पूल ज्यांनी बांधला त्यांची नावं तिथं हवीत, नावं सापडत नसतील तर ती सापडत नाहीत एवढं तरी तिथं लिहिलेलं हवं. तुम्ही म्हणायचात, “मी तीस वरस चाललो. गाडीतला मानूस झोपलेला असायचा. तो निवांत झोपला म्हंजे माजा काम झाला. त्याला उठवून मी नाव सांगू?” मी म्हणायचे, ही गुलामीची भाषा आहे काका, मालकाला हीच भाषा आवडते. तुम्ही चिडलात ते तेव्हाच. “मालकाला इचारतो कोन! माज्या कामाचा मना कलत नाय, तुना कलतं?” काकी आतून ओरडल्या, “हलू बोला, शेजारी म्हनतील मारामारी चाललीय.”

काका, मला अजून वाटतं की माझं म्हणणं बरोबर होतं. तुमचंही बरोबर होतं. ही दोन वाक्यं एकापाठोपाठ लिहायला मला तुमच्या मरणापर्यंत थांबावं लागलं.

आणि मग मी ती मागणी केली. मी म्हटलं, तुमच्या डब्यात माझी पत्रकं ठेवू या. आठ कमानी दुरुस्त केल्यात, हजारो काढून ‘किती ते माहीत नाही’ केलंय. जो डबा शोधेल तो एक घेईल. तो तिथंच उभा असेल, खांबाला हात लावून. याहून चांगला वाचक कुठे मिळणार?

“नाय.”

“का?”

“डब्यात जाहिरात नाय, देव नाय, पक्ष नाय. नियम हाय.”

“हे पक्षाचं नाही काका. हे खरं आहे.”

“सगल्यांचा खराच असतो गो,” तुम्ही म्हणालात. “म्हनून तर नियम हाय.”

मी उठून निघून आले. जाताना चप्पल घालता घालता म्हटलं, “तुम्हाला मजुरांपेक्षा तुमचा डबा मोठा.” तुमच्या तोंडावर मी फेकलेलं हे सगळ्यात वाईट वाक्य होतं असं मला वाटायचं. नंतर मी त्याहून वाईट लिहिलं.

तो मंगळवार होता. मी वीस पत्रकं बारीक घड्या घालून प्लास्टिकच्या पिशवीत भरली आणि एकटीच पुलावर गेले. तुम्हाला न सांगता डबा शोधायचा, वहीखाली पत्रकं ठेवायची आणि यायचं. चोरून करायचं होतं, तरी मला ते लढ्यासारखं वाटत होतं. फोनने मला तिसऱ्या खांबापाशी आणून सोडलं. मी फटींत हात घातले, घाणेरीची झुडपं बाजूला केली, दगड उचलले. ऊन असं की खांबाला हात टेकवत नव्हता. वर चार मुलं रील काढत होती. त्यांतला एक वाकून ओरडला, “मॅडम, काय पडलं? आम्ही येऊ का शोधायला?” बाकीचे हसले. वीस मिनिटं. त्याहून जास्त मी शोधलं नाही. ज्या मुलांना मी पत्रकात निर्लज्ज म्हटलं होतं त्यांच्यासमोर मी गुडघ्यांवर रांगत होते, आणि डबा सापडत नव्हता.

परतीच्या एसटीत मी ॲपवर नवं खातं उघडलं. नाव मुलाचं घेतलं. आणि लिहिलं, “डबा जागेवर नाही. तीन वेळा येऊन शोधला. कुणीतरी नेलेला दिसतो. सांभाळणाऱ्यांनी लक्ष द्यावं.”

का लिहिलं, ते मी बावीस दिवस स्वतःला विचारते आहे. माझ्या नावाने लिहिलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, एकटी कशाला गेली होतीस. हे एक. डबाच नसेल तर त्यात पत्रक ठेवायचं की नाही हा वादही उरत नाही. हे दुसरं. पण त्याच्याही तळाशी जे आहे ते असं, की मला जे सापडलं नाही ते तिथं असू शकतं, हे माझ्या मनाला मान्यच होईना. आणि ‘तीन वेळा’ कुठून आलं, विचाराल, तर ते सवयीने आलं. चाळीस माणसं जमली की मी ‘शेकडो’ लिहीत आले आहे. एकदा शोधला असं लिहिलं असतं तर तुम्ही हलला नसतात. तीनदा लिहिलं की हलाल. लोकांना हलवायला कसं लिहायचं, ते मला लहानपणापासून येतं.

तुम्ही हललात. डबा नाही अशी नोंद आली की सांभाळणाऱ्याने स्वतः जाऊन बघायचं असतं. नाही बघितलं तर काही दिवसांनी तो डबा नकाशावरून काढून टाकतात. हे मला माहीत होतं. वर्षापूर्वी तुमच्या हृदयात स्प्रिंग बसवली होती आणि डॉक्टरांनी चढ चढायचा नाही असं सांगितलं होतं, हेही माहीत होतं. लिहिताना त्यातलं काहीच मनात नव्हतं, असं म्हणून मी सुटू शकले असते. पण होतं. मनाच्या एका कोपऱ्यात होतं की काका आता जाऊ शकत नाहीत, डबा आपोआप बंद होईल. तुम्ही जाल असं मला वाटलं नाही. तीस वर्षं रोज सैल चाव्या शोधत चाललेला माणूस ‘डबा जागेवर नाही’ वाचून घरी बसेल, असं मी समजले. तुमच्याबरोबर इतके रविवार काढून मी तुम्हाला एवढंच ओळखलं.

गुरुवारी तुम्ही गेलात. काकींना सांगितलंत पेन्शनच्या कामाला बँकेत जातो. संध्याकाळी ॲपवर तुमची नोंद आली, “डबा जागेवर आहे. वही कोरडी आहे.” आणि त्या खोट्या खात्यावर तुमचा एक निरोप आला. तो मी इथं जसाच्या तसा उतरवते, कारण तो तुम्ही ज्याला लिहिलात तो माणूस नव्हताच.

“नमस्कार. तुम्ही तीनदा आलात, तुम्हाला फार त्रास झाला. डबा आहे. जागा सांगता येत नाही, नियम आहे. पण रविवारी येत असाल तर मी खाली टपरीवर आठ वाजता थांबतो. बरोबर वर जाऊ. शोधाल तुम्हीच. पाणी मी आणतो.”

हा निरोप मी शनिवारी सकाळी वाचला. पूर्ण दिवस माझ्या हातात होता. ‘येऊ शकत नाही’ एवढं लिहिलं असतं तरी तुम्ही गेला नसतात. रविवारी सरळ टपरीवर येऊन उभी राहिले असते तर तुम्ही एक शिवी दिली असतीत, मग चहा सांगितला असतात. मी यातलं काही केलं नाही. उत्तर दिलं की खातं कुणाचं ते उघड होईल, अशी मूर्ख भीती होती, आणि मी फोन पालथा ठेवला. रविवारी मी पनवेलच्या बाजारात पत्रकं वाटत होते. एका अधिकाऱ्याने वस्तीतल्या बायकांशी उद्धटपणा केला होता. पत्रकाचा मथळा होता, ‘जाहीर माफी मागा’. मथळा माझाच. मी मोठमोठ्याने ओरडून ते वाटलं.

सोमवारी संध्याकाळी मी तुमच्याकडे आले. काकी भाजी निवडत होत्या आणि तुमच्याकडे बघतही नव्हत्या.

“रागावल्यात का?” मी विचारलं.

“इचार त्याला,” काकी म्हणाल्या. “बँकेत जातो सांगून डोंगरावर. काल परत. चार तास टपरीवर बसला. कोनासाठी? नाव म्हायती नाय, गाव म्हायती नाय.”

“अगो, तीनदा आलता तो पोर,” तुम्ही म्हणालात. “तीनदा! वर पानी नाय, सावली नाय. एकदा नाय गावला तर लोक सोडून देतान. ह्यो तीनदा आला, वर परत लिवला पन. असा मानूस भेटाया पायजे.”

“भेटला?” काकींनी विचारलं.

“नाय आला. गाडी चुकली असंल.”

“गाडी चुकली! तुजा डोका चुकलाय.”

तुम्ही माझ्याकडे बघून हसलात, माझा आधार मागितल्यासारखे. “तू सांग गो हिला. त्यानं लिवला म्हनून मी बघाया तरी गेलो. नायतर डबा खरंच गेला असता तर मना कललाच नसता.”

मी म्हटलं, “हो ना, काकी.”

काका, मला ती नोंद लिहिल्याची लाज आहेच. पण त्याहून मोठी लाज या तीन शब्दांची आहे. तुम्ही त्या खोट्या माणसाचं कौतुक करत होतात आणि मी ते कौतुक घेतलं. नंतरच्या दिवसांत तुम्ही दोनदा मला विचारलंत की त्या मुलाला पुन्हा निरोप टाकू का. मी म्हटलं, राहू द्या, येईल तेव्हा येईल.

तुम्ही गेलात त्या गुरुवारी सकाळी चहाचा कप हातात होता, असं काकींनी सांगितलं. मी दवाखान्यात पोचले तेव्हा डॉक्टर बाहेर येत होते. मी त्यांना गाठून विचारलं, तीन आठवड्यांपूर्वी एखादा चढ चढला असेल तर त्याचा संबंध असू शकतो का? ते म्हणाले, सांगता येत नाही, बहुधा नसावा, एवढ्या दिवसांनी नाही. ते ऐकून मला बरं वाटलं. तुम्ही आत पडलेले होतात आणि बाहेर मला बरं वाटलं. ते मी विसरणार नाही.

तेराव्यानंतर तिसऱ्या दिवशी मी काकींना सगळं सांगितलं. मी घरून वाक्यं जुळवून आणली होती. त्यांच्यासमोर बसले तेव्हा त्यांतलं एकही सांगता येईना. तुटक तुटक सांगितलं. नोंद माझी. खातं माझं. रविवारी मी आले नाही.

मला वाटलं काकी रडतील, किंवा म्हणतील की जाऊ दे पोरी, त्याची वेळ आली होती. अशा वेळी लोक म्हणतात तसं. मी त्या वाक्याची वाटच बघत होते.

“ह्या मना कशाला सांगतेस?” त्या म्हणाल्या.

“तुम्हाला कळायला हवं म्हणून.”

“मना कलून काय? त्याला सांगायचा व्हता. तो बसलेला व्हता इथं, ह्या इथं, तुज्यासमोर. रोज वाट बघायचा त्या पोराची. आता मी काय निरोप देऊ त्याला?”

मी उठले तेव्हा काकी म्हणाल्या, “बस.” त्या आत गेल्या, चहा ठेवला नाही, नुसत्याच परत आल्या. “माफ केला असा मी बोलनार नाय. मना जमत नाय आता.”

“नको, काकी.”

“मना ने तिकडं,” त्या म्हणाल्या. “तीस वरस रूल बघितले त्यानं, नंतर ह्यो पूल. मना एकदा पन नाय नेला. बघू तरी दे, काय हाय तिथं.”

काल आम्ही गेलो. रिक्षा वरपर्यंत नेली, तरी शेवटचा चढ काकी तीनदा थांबत चढल्या. जाताना खाली थांबलो, तेव्हा टपरीवाल्याने त्यांना ओळखलं नाही. पण मी तुमचं नाव सांगितल्यावर तो गल्ल्यामागून बाहेर आला आणि हात जोडून उभा राहिला. पैसे घेईना. “काका यायचे, चहा प्यायचे, पुलावर कोण कोण गेलं विचारायचे,” तो म्हणाला. “त्या रविवारी पण लय वेळ बसले व्हते.” काकींनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

पुलासमोर काकी उभ्या राहिल्या. तुमच्यासारखंच त्यांनीही कमानींकडे मान वर करून बघितलं नाही. समोर तिसऱ्या खांबाशी दोन मुली एकमेकींचे फोटो काढत होत्या, त्यांच्याकडे त्या बघत राहिल्या. “येतान की मानसं,” त्या म्हणाल्या. मग दगडावर पदर पसरून बसल्या आणि पिशवीतून तुमचा फोन काढून माझ्यापुढे धरला.

“ह्यात सगला हाय म्हनं. डबा कुठं तो पन असंल. बघ.”

मी फोन हातात घेतला. त्यावर तुमच्या बोटांचे तेलकट ठसे होते. पंधरा सेकंदांत मला ती जागा कळली असती. मी तो काकींना परत दिला.

मग मी शोधायला लागले. मुली निघून जाईपर्यंत थांबले, मग हळूहळू. पहिल्यांदा आले होते तेव्हा नुसत्या फटींत हात कोंबले होते. या वेळी दगड बघितले. बोटाच्या पेराने टकटक केली. तुमच्यासारखा कान लावला आणि मला अजूनही भरीव-पोकळ कळत नाही हे कळलं. एका सांध्यात पिंपळाचं रोप पुन्हा आलं होतं, ते उपटलं. तास गेला. दीड तास. काकी घोटभर पाणी प्यायल्या, बाटली माझ्याकडे सरकवली.

डबा आता कोण सांभाळणार ते ठरलेलं नाही. बेंगळुरूच्या बाईंना मी सगळं लिहून कळवलंय. त्यांचं उत्तर आलं, त्यात त्यांनी तुमच्याबद्दल खूप लिहिलंय, माझ्याबद्दल काहीच नाही. तो डबा मला द्या, असं मी म्हटलं नाही. तो हक्क मला नाही, आणि कधी मिळेल का तेही माहीत नाही.

ऊन कलायला लागलं तशा काकी उठल्या.

“गावला का?”

“नाही, काकी.”

“पन हाय ना तिथं?”

“आहे. काकांनी बघितलाय. मला सापडला नाही.”

“मंग तसा लिव,” त्या म्हणाल्या, आणि पदराची धूळ झटकत उतरायला लागल्या. “आनि नाव तुजा घाल.”

मी तिथंच उभी राहून लिहिलं. ‘डबा जागेवर नाही, ही आधीची नोंद माझी होती. ती खोटी होती. डबा आहे. मी दोन वेळा शोधला. मला सापडला नाही.’ खाली माझं नाव घातलं, आडनावासकट. काकी अर्ध्या उतारावर पोचल्या होत्या आणि तिथूनच हाक मारत होत्या, लवकर ये, हात दे, पाय घसरतोय.